दादाच्या हाताच्या मापाचा चाकू

सोमवार, ३ सप्टेंबर १९६२
सकाळी सात वाजून दहा मिनिटे. दादाचा हात कागदावरून फळीवर उतरवून घेत होतो आणि पेन्सिलीचे टोक मोडले.

हात म्हणजे हाताची रेघ. शनिवारी दावीददादाचे पत्र आले. त्यात त्याने आपला उजवा पंजा कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आहे. खाली लिहिले आहे – शलमोन, या मापाचा एक चाकु करून पाठव. (चाकू. कू दीर्घ.) पलटणीत त्यांना मिळालेला चाकू फक्त डबे उघडायच्या कामाचा. तिथे चीनच्या सरहद्दीवर खाली बांबूचे रान आणि वर बर्फ. बांबू तोडायला, लाकूड फोडायला, मासा साफ करायला, रानकोंबडे मिळाले तर सोलायला – सगळ्याला मिळून एकच हत्यार पाहिजे. मूठ पोकळ ठेव म्हणतो, आत काड्या राहतील, इथे सगळे भिजते. आणि शेवटी – थंडी पडायच्या आत पाठव.

घोडनदीच्या काठाने ससे आणि तितर मारत हिंडायचा तो. मी मागून पिशवी घेऊन. आज त्याला माझ्या हातचे काही हवे आहे. भीतीच वाटते.

पंजाची रुंदी सव्वातीन इंच. रेघेत माझा हात ठेवून पाहिला. चारी बाजूंनी जागा उरते.

गुरुवार, ६ सप्टेंबर
मिशनच्या सुतारखात्यातून एक दिवसाची रजा काढून दौंडला गेलो. इसहाक मामा रेल्वेत फिटर आहेत, लोखंड त्यांना कळते. बाकांना खिळे मारणाऱ्या मला कळत नाही. मामांनी भंगारवाल्याकडे नेले आणि दोन जुन्या कानशी निवडल्या. कानशीचे पोलाद धार धरते म्हणाले. मी पावती मागितली. भंगारवाला मामांकडे बघून म्हणाला, ‘पावणं साहेब हायत का?’ मामा म्हणाले, ‘न्हाई रे, भाचा हाय. सवा रुपयाची झोप जाईल त्याची.’ तरी पावती घेतली.

दोन कशाला, असे मामांनी विचारले. एक बिघडली तर, म्हटले.

सोमवार, १० सप्टेंबर
हौसराव लोहारांकडे गेलो. बाजारात त्यांची भट्टी आहे. त्यांना कागदावर काढलेला चाकू दाखवला. पाते सात इंच, जाडी पाव इंच. पाठीवर दोन इंच करवतीचे दाते. टोकाकडे डबा उघडायची खाच. मूठ पितळी नळीची, पोकळ, वर शिसव, मागे फिरकीचे झाकण.

त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला. ‘याच्यात बसून पुण्याला बी जाता येतं का?’ म्हणाले. मग गंभीर झाले. पात्याचे शेपूट मुठीच्या टोकापर्यंत गेले पाहिजे, मूठ पोकळ ठेवली तर शेपूट बोटभरच राहणार, घाव बसला की तिथेच सुटणार. मी म्हटले, दादाने पोकळच मागितली आहे. ‘तुझा दादा लोहार हाय का?’

शेवटी कबूल झाले. कानशीचे दाते आधी घासून काढायचे, नाहीतर तिथून तडा जातो. ते काम माझे.

शनिवार, १५ सप्टेंबर
दाते घासून झाले. बोटांची साले गेली.

मंगळवार, १८ सप्टेंबर
आज पाते पाण्यावर आणले, म्हणजे तापवून, बुडवून कडक केले. पाणी म्हणतात, पण बुडवले करडईच्या तेलात. त्याआधी हौसरावांनी दार लावून घेतले, उजेडात लोखंडाचा रंग खोटा दिसतो. पिकल्या उंबरासारखा लाल झाला की बुडवायचे. मग पुन्हा हलके शेकायचे, पाते मधाच्या रंगावर आले की थांबायचे. जरा उशीर झाला की रंग जांभळा होतो आणि धार गेली. मी श्वास धरून उभा. ते म्हणाले, ‘श्वास सोड रं, तुझ्या फुंकरीनं इझत न्हाई ती.’

मधाच्या रंगावर बरोबर थांबले.

शुक्रवार, २१ सप्टेंबर
मोडला.

नदीवरून वाळका बांबू आणला होता. पाते बांबूवर ठेवून वरून लाकडाने ठोकायचे, दादा तसेच करणार. नवव्या ठोक्याला मुठीतून पाते सुटले. हौसरावांनी सांगितले होते तिथेच. ते भाता ओढत राहिले. बोलले असते तर बरे होते.

बरे झाले इथेच मोडला, हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगतो आहे.

शुक्रवार, २८ सप्टेंबर
अमावास्या. भट्टी बंद.

गुरुवार, ४ ऑक्टोबर
दुसऱ्या कानशीचे पाते पाण्यावर आले. या वेळी शेपूट पुरते, मुठीच्या टोकापर्यंत. दोन बाजूंना शिसव, तीन पितळी खिळे. काड्यांची जागा म्यानात केली आहे. चांभाराने चामड्यात छोटी डबी शिवून दिली, झाकणाला मेण. आत काड्या, सुई-दोरा, दोन गळ. दादाने मागितली होती तशी नाही, पण टिकेल.

मूठ दादाच्या रेघेवरून घासतो आहे. माझ्या हाताला फडके गुंडाळून सव्वातीन इंच करतो, मग धरून बघतो. आई म्हणाली, हाताला लागलं का रं?

शनिवार, ६ ऑक्टोबर
झाला! बांबूवर पन्नास ठोके मोजले. हलला नाही. खिळा तोडला, धारेला दात पडला नाही.

हौसरावांनी मूठ धरून पाहिली आणि हातातच ठेवली थोडा वेळ. शेवटची धार लावायला चाकू ठेवून घेतला, सोमवारी ने म्हणाले. वर म्हणाले, धार फुकट द्यायची नाही. घेणाऱ्याकडून एक पैसा तरी घ्यायचा. ‘न्हाईतर नातं कापतं.’

दादाला लगेच पत्र टाकले. चाकू तयार आहे, मंगळवारी पार्सल करतो, एक नया पैसा तयार ठेव, असे लिहिले.

सोमवार, ८ ऑक्टोबर
काय करू कळत नाही.

काल खंडेनवमी होती. माझ्या ध्यानात नाही, मी मिशनच्या देवळात रविवारच्या उपासनेला. हौसरावांनी ऐरण, घण, सांडशा धुऊन मांडल्या आणि त्यांची पूजा केली. त्यात दादाचा चाकूही मांडला! आज गेलो तर पात्यावर कुंकू, मुठीला झेंडूचे फूल, समोर नारळाची कवड. ते किती आनंदाने म्हणाले – ‘पयला मान तुझ्या चाकूला दिला. लढाईवर जायचाय त्यो.’

मी ‘बरं केलंत’ म्हटले आणि घरी आणला.

कुंकू पुसले. करवतीच्या दात्यांत राहिले आहे. आमच्या पवित्र शास्त्रात मूर्तीला दाखवलेले अन्न खाऊ नये असे आहे. लोखंडाबद्दल कुठेच नाही. दादाला विचारले असते तर तो हसला असता. पण त्याच्या जिवाचे काही बरेवाईट झाले आणि मी हे असेच पाठवले असेल तर? देवळातल्या पाळकसाहेबांना विचारले पाहिजे. ते सभेसाठी नगरला गेले आहेत.

मंगळवार, ९ ऑक्टोबर
आई – टाकलंस का पार्सल?
टाकलं म्हणालो.

चाकू माझ्या पेटीखाली आहे, फडक्यात गुंडाळून.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर
पाळकसाहेब आले नाहीत. टाचणीने दात्यांतले कुंकू काढतो आहे. आठ दाते झाले, चौदा राहिले.

मंगळवार, १६ ऑक्टोबर
पाळकसाहेब आले नाहीत. नगरला पत्र टाकावेसे वाटले, पण काय लिहिणार? दात्यांत आता काही नाही. मला मात्र दिसते.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर
संध्याकाळच्या एस.टी.ने पाळकसाहेब आले. स्टँडवरच गाठले. सगळे सांगितले. त्यांच्या हातात पिशवी तशीच होती. किती दिवस झाले, असे विचारले. अकरा, म्हटले. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

‘शलमोन, लोखंडाला देव कळत नाही. तुझ्या भावाला थंडी कळते. सकाळी टपाल उघडेल तेव्हा दारात उभा रहा.’

शनिवार, २० ऑक्टोबर
पार्सल टाकले. दारात मीच पहिला.

सोमवार, २२ ऑक्टोबर
स्टँडजवळच्या हॉटेलात रेडिओभोवती गर्दी. चीनने शनिवारी पहाटे हल्ला केला. मी शनिवारी सकाळी टपालाच्या दारात उभा होतो.

साधे पार्सल दहा-बारा दिवसांत पोचते, असे पोस्टमास्तर म्हणाले होते. नऊ तारखेला टाकले असते तर. हाच हिशोब पुन्हा पुन्हा करतो आहे. दर वेळी तेच उत्तर येते.

मंगळवार, ३० ऑक्टोबर
पत्र नाही.

गुरुवार, २२ नोव्हेंबर
लढाई थांबली म्हणतात. तळेगावच्या एका घरी तार आली. टपालवाला दिसला की आई आत जाते. मी बाहेर उभा राहतो. मग ती आतून विचारते, ‘गेला का फुडं?’

हौसराव रोज विचारतात. आता काय मस्करी करावी त्यांना सुचत नाही.

शुक्रवार, १४ डिसेंबर
पार्सल परत आले. वर लाल शाईने काहीतरी इंग्रजी, पोस्टमास्तरांकडून वाचून घेतले – पत्त्यावर नाही.

दोरा मी बांधला होता तसाच. शिरूरचा शिक्का स्पष्ट उमटला आहे – २० ऑक्टोबर. आईला वाचता येत नाही. तिने पार्सल मांडीवर घेतले, उघडले नाही. म्हणाली, ‘तू येळंवर धाडलंस. तुझ्याकडं कसूर न्हाई.’

मी उठून बाहेर गेलो.

रविवार, १६ डिसेंबर
उपासनेहून येताना आईला सांगितले. नऊ तारखेला टाकले नव्हते, वीसला टाकले. कुंकवाचेही सांगितले.

ती चालत राहिली. विहिरीपाशी थांबली. म्हणाली, ‘मला ठावं व्हतं. झाडताना पेटीखाली चाकू बघितला म्या. तू तुझ्या मनानं धाडशील म्हणून गप ऱ्हायले.’ मग म्हणाली, ‘बोलाय पायजे व्हतं रं म्या.’

घरी आल्यावर तिने दादाचे जुने पत्र काढले आणि पंजाच्या रेघेवर आपला पंजा ठेवून बसली. तिचाही लहान पडतो.

मंगळवार, २५ डिसेंबर
नाताळ. करंज्या केल्या नाहीत. पाळकसाहेबांनी बेपत्ता असलेल्यांसाठी प्रार्थना केली. त्यात दादाचे नाव घेतले.

बुधवार, ९ जानेवारी १९६३
दुपारी सव्वाबारा. पत्र आले. अक्षर दादाचे नाही. दादा जिवंत आहे.

लष्करी इस्पितळात आहे. शेजारच्या खाटेवरच्या साताऱ्याच्या जवानाने, दादा सांगेल तसे लिहिले आहे. तो आणि सोबतचे डोंगरातून नऊ दिवस चालत आले. बर्फाने उजव्या हाताची बोटे गेली, चारही. अंगठा राहिला. ‘तुझं पत्र मिळालं व्हतं. चाकूची वाट बघितली. जाळ करायला बांबू तुटत नव्हता. आईला हे वाचून दाखवू नको.’

कागदाच्या खालच्या बाजूला पंजा आखला आहे. डावा. रेघ दुसऱ्याने ओढलेली. बाजूला डिंकाने एक नया पैसा चिकटवला आहे आणि लिहिले आहे – मूठ या मापाची कर.

आईला सगळे वाचून दाखवले. काही गाळले नाही.

चाकूचा हिशोब:
जुन्या कानशी दोन (पावती आहे) – १ रु. २५ न.पै.
दौंड, जाणे-येणे – २ रु. १० न.पै.
हौसराव, कोळसा व मजुरी – ७ रु.
पितळ – ९० न.पै.
म्यान – ३ रु.
पार्सल – १ रु. ८५ न.पै.
एकूण – १६ रु. १० न.पै.
जमा, दावीदकडून – १ न.पै.
देणे, हौसरावांना – २ रु.
देणे, दावीदला – डाव्या हाताची मूठ एक. दिवस अकरा.