गोलातली माझी जागा

अल सुलै, रियाध
१९ फेब्रुवारी १९९१

कॅप्टन चंद्रशेखर यांस,

बदरुद्दीनचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही. तुझा गुडघा कसा आहे? सरोजवहिनींचा दमा? अण्णासाहेब अजून पुस्तक हातात धरूनच फुटबॉल शिकवतात का? मी ठीक आहे. घसा बसला आहे, त्याचे कारण पुढे येईल.

तुझे पत्र वीस दिवसांनी मिळाले. कॉलेजच्या पहिल्या फुटबॉल टीमला पंचवीस वर्षे झाली म्हणून सात एप्रिलला त्याच अकरा जणांची मॅच, आणि गोलात मी. हसू आले. त्या वर्षी आपल्या नऊ मॅच होत्या. आठ हरलो. (नववीला समोरची टीम आलीच नाही, अण्णासाहेबांनी पेढे वाटले.) एकेचाळीस गोल माझ्या बगलेतून गेले. लायब्ररीच्या पुस्तकातले गोलकीपरचे पान वाळवीने खाल्ले होते, हे मी तेव्हाही सांगितले होते. कोणी ऐकले नाही.

इथेही आमची टीम आहे. लढाईमुळे गोदामात माल येत नाही, आवार मोकळे असते. असरच्या, दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर खेळतो. मध्येच इराकी क्षेपणास्त्राचा भोंगा वाजतो. मग चौदा माणसे स्वयंपाकघरात, खिडक्यांना चिकटपट्टी, गॅसचे मास्क तीन (बाकीच्यांना ओले टॉवेल). भोंगा थांबला की बाहेर, आणि भांडण: कोण कुठे उभा होता? मोहियुद्दीन, आमचा श्रीवर्धनचा क्रेनवाला, भोंग्याआधी टाकीपाशी बिडी ओढत असतो. भोंग्यानंतर नेमका गोलासमोर सापडतो. ‘मी इथंच होतो. तुझ्या डोळ्यांवर मास्क होता.’ ‘मास्क तुझ्याकडे होता, भामट्या!’ शेवटी इब्राहीमने (स्टोअरकीपर, म्हणून रेफरी) नियम केला. भोंगा वाजला की आधी पायाशी खडूने खूण करायची, मग पळायचे. परत येऊन प्रत्येक जण आपल्या खुणेवर उभा राहीपर्यंत शिट्टी नाही. परवा आकाशात काहीतरी फुटले, पत्रे हादरले, तरी मोहियुद्दीन वाकून खूण करत होता. मी ओरडलो, घसा गेला. तो वाचला. खूण मात्र वीस पावले पुढे होती.

यायचे म्हणशील, तर पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे आमच्या अरब मालकाच्या तिजोरीत, आणि कफील किल्लीसकट ताइफला, थंड हवेत. (जाताना म्हणाला, घाबरू नका.) तो परतला की सही, सहीनंतर तिकीट. तेव्हा माझ्यासाठी थांबू नका. गोलात कोणालाही उभे कर. कोणी नसले तरी निकाल तोच लागेल. मला खरेच काही वाटत नाही. आपल्या मैदानामागे खाडी होती. बॉल तिच्यात गेला की ओहोटीची वाट बघत बसायचो. इथे बॉल कुठे जात नाही. भिंतीवर आपटतो आणि परत येतो.

तुझा,
एकेचाळीस गोलांचा धनी
बदरुद्दीन

ता. क. हे पत्र तुझ्या सकिनावहिनीच्या हाती पडू देऊ नकोस. कफीलबरोबर मीही ताइफला आहे, तिथे गुलाबांच्या बागा आहेत, असे तिला फोनवर सांगितले आहे. तिने एवढेच विचारले, गुलाबाचे कलम आणता येईल का. मला वाटते, तिला सगळे कळले आहे.

आणखी ता. क. मॅच पुढे ढकल. कारण काहीही सांग, तुझा गुडघा सांग. गोलात डाव्या खांबाजवळ, जिथे मी चुकून उभा असायचो, तिथे खूण कर. गवतावर खडू उमटत नाही, चुना टाक. मी तिच्यावर येऊन उभा राहीपर्यंत शिट्टी वाजवू नकोस.