उन्हाकडे पाठ

३ ऑक्टोबर

चि. ढब्बूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पार्सलात कॅमेरा पाठवते आहे. घाबरू नकोस, स्टुडिओतला मोठा नाही, पडला-झडला तरी चालेल असा साधा आहे. वहिनी गेल्यावर तू तिकडे बदलून गेलास, तेव्हापासून पंपघर आणि क्वार्टर यापलीकडे तुझं पाऊल पडत नाही, हे तू लिहीत नसलास तरी मला कळतं. निदान फोटोच्या निमित्ताने बाहेर पडशील.

आता नीट वाच. ऊन पाठीवर घे, म्हणजे समोरच्याच्या तोंडावर उजेड पडेल. कोपरं बरगड्यांना चिकटव, श्वास रोख आणि बटण हळूच दाब. व्हॉल्व्ह फिरवल्यासारखा जोर लावू नकोस. एक काढलास की रोल पुढे सरकव, नाहीतर दोन फोटो एकमेकांच्या उरावर बसतील. आणि तुला वाटतं त्याहून जरा जवळ जा. नवशिके सगळं लांबून काढतात, मग फोटोत माणूस शोधावा लागतो. रोल संपला की इकडे पाठव, मी धुऊन प्रिंट पाठवीन.

बदलीच्या अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे ना? स्टुडिओवरची खोली मी रंगवून घेतली आहे. तू इकडे राहायला आलास तर मलाही बरं वाटेल, हे स्पष्टच लिहिते.

जेवणाची आबाळ करू नकोस आणि ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


११ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कॅमेरा पोचला. रोल संपवला, सोबत पाठवतो आहे. पहिल्या फोटोत बहुतेक माझा अंगठाच आला असेल, तो कौतुकाने बघ.

माझं इथे मजेत चाललं आहे. पंप आता आपोआप चालू-बंद होतात, त्यामुळे जोडीदाराला दुसरीकडे पाठवलं. मी नुसते काटे बघायचे आणि आकडे टिपून ठेवायचे. पण शेजारपाजार चांगला आहे, संध्याकाळी कोणी ना कोणी चहाला बोलावतंच. तू उगीच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. अर्जाचं बघतो.

अधूनमधून रागवत जा, म्हणजे लोभ शाबूत आहे हे कळतं.

तुझा,
ढब्बू


१७ ऑक्टोबर

चि. ढब्बूस,
अ. आ.

रोल धुतला. अंगठा एकदाच आला आहे, शाबास. टाकीचा काठ मात्र इतका तिरका, की पाणी सांडेल असं वाटतं. माणसं आहेत, पण मुंगीएवढी आणि सगळी पाठमोरी. आणि बाजार असो, रस्ता असो, खाली आपली तुझी लांबच लांब सावली! ऊन पाठीवर घे म्हटलं खरं, पण सावली आली तर जरा बाजूला सरकायचं, हेही मीच सांगायचं का?

प्रिंट वाळत घातले आणि बघत बसले. चहाला बोलावणारे शेजारी एकाही फोटोत नाहीत रे. ताईपासून काय लपवतोस? पुढच्या रोलमध्ये मला एक तरी चेहरा हवा, तुझ्याकडे बघणारा. जाऊन सरळ विचारायचं, एक फोटो काढू का म्हणून. फार तर नको म्हणतील.

हल्ली माझ्याकडे गिऱ्हाईक ओळखपत्राच्या फोटोपुरतं येतं. स्टुलावर बसतं, उठून जातं. हलू नका, याखेरीज दिवसभर माझ्या तोंडून शब्द निघत नाही. अर्ज कर, बाबा.

लोभ आहेच, पण तो जवळ राहून केलास तर अधिक बरं.

तुझी,
ताई


२८ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू पकडलंसच. शेजारच्या क्वार्टरला कुलूप आहे. चहाला कोणी बोलावत नाही. सावली मला आधीच दिसली होती, पण सरकावंसं वाटलं नाही. म्हटलं, फोटोत कोणीतरी असू दे.

तुझं पत्र आल्यावर कॅमेरा गळ्यात अडकवून नुसता फिरलो. विचारायची वेळ आली की तोंडाला कुलूप. शेवटी बाजारातल्या न्हाव्याला विचारलं. तो आधी आरशासमोर जाऊन स्वतःचा भांग पाडून आला आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ऐटीत बसला. उजेड दारातून येत होता, म्हणून मी दाराशी उभा राहिलो, मग तू सांगितल्याप्रमाणे पुढे सरकलो. तेवढ्यात त्याने सहज विचारलं, घरी कोण कोण असतं. मी सांगितलं, ही गेली. ताई, इथे आल्यापासून हे मी कोणापुढे उच्चारलंच नव्हतं. ढसाढसा रडलो. त्याने दाराचा पडदा ओढला, मला खुर्चीत बसवलं आणि माझी दाढी करून दिली.

आता संध्याकाळी तिथेच पत्ते खेळत बसतो. तो चक्क लबाडी करतो. फोटो मात्र राहूनच गेला, म्हणून या वेळी पाकिटात रोल नाही.

अर्ज करत नाही, ताई. आता कुठे इथे माझं मन लागायला लागलं आहे. तू खोली रंगवलीस, हे आठवून हे वाक्य लिहायला जड गेलं. रागावलीस तरी चालेल, पण लोभ काढून घेऊ नकोस.

तुझा,
ढब्बू


४ नोव्हेंबर

चि. ढब्बूस,
अ. आ.

पत्र वाचून आनंद झाला आणि वाईटही वाटलं. त्यातलं आधी कोणतं, ते विचारू नकोस. मीच तुला बाहेर ढकललं आणि आता मीच तोंड पाडून बसायचं, याला काही अर्थ आहे का? न्हाव्याला माझा नमस्कार सांग आणि पत्ते तूच पिसत जा. खोली राहू दे तशीच, रजेत आलास तर होईल.

काल दुकान बंद करताना समोरच्या शिंपीणबाई काजं करत एकट्याच बसलेल्या दिसल्या. इतकी वर्षं दुकानं समोरासमोर, पण मान हलवण्यापलीकडे आमचं बोलणं नाही. दोघींपुरतं आधण ठेवलं, रस्ता ओलांडून गेले आणि विचारलं, चहा घेता का. त्या म्हणाल्या, आज नको, काम आहे, पुन्हा कधीतरी. परत आले आणि आधण ओतून दिलं.

उद्या पुन्हा विचारणार आहे. नको म्हणाल्या तर तुला पत्र लिहीन. तेवढं वाचण्याइतका लोभ असू दे.

तुझी,
ताई