भोकरचा पत्ता

अव्वा, तुला जाऊन अकरा वर्षं झाली. तू होतीस तेव्हा एक गोष्ट लेक म्हणून तुला सांगायची राहिली. राहिली म्हणणंही खोटंच. मी ती सांगितली नाही. आता मीच पन्नाशीला आले, नांदेडच्या कॉलेजात शिकवते, आणि अलीकडं काही दिवस ही गोष्ट मला धड काही करू देत नाही. सुरुवातीपासून लिहिते. मधूनच सांगितलं तर मी स्वतःला सोपं करून घेईन.

मी शाळेत होते तेव्हा भूकंप झाला. तोवर तू आप्पांच्या कापडदुकानामागच्या घरात राहणारी, पूजा झाल्याशिवाय पाणीही न पिणारी, दुकानाच्या पुढच्या दारानं कधी बाहेर न पडलेली बाई होतीस. बातमी आली तशी गल्लीतल्या बायका गोळा करून तू भाकरी थापल्यास आणि त्या पोचवायला ट्रॅक्टरवर बसून किल्लारीला गेलीस. संध्याकाळी येणार होतीस, आलीस सतरा दिवसांनी. आप्पा हातात कापड मोजायचा गज धरून रस्त्यानं येणाऱ्या प्रत्येक जीपकडं बघायचे. परत आलीस तेव्हा तुझा आवाज पार बसला होता, पण तहसीलदाराशी कसं बोलायचं, पत्र्याच्या शेडसाठी अर्ज कसा करायचा, कुठला साहेब नुसती मान हलवतो, हे सगळं तुला कळायला लागलं होतं. पुढं पंचायत समितीची निवडणूक लागली आणि आपला गण, म्हणजे मतदारसंघ, महिलांसाठी राखीव सुटला. काका, म्हणजे तुझे धाकटे दीर, पक्षाचं काम करायचे. त्यांनीच तुझं नाव पुढं केलं. "वहिनी, तुमी नुसतं हात जोडा. बाकीचं मी बघतो की." तू निवडून आलीस. सभापतिपदही महिलेलाच होतं. तालुक्यात त्या जागेवर तुझ्याआधी एकही बाई बसली नव्हती.

पहिले काही महिने तसंच चाललं. काका तुझ्या शेजारी बसून बोलायचे, तू सही करायचीस. मग एक दिवस तू सभेचं इतिवृत्त घरी घेऊन आलीस आणि भाजी फोडणीला टाकून ते वाचत उभी राहिलीस. भाजी करपली. "हे मी कवा म्हणले गं?" तू मला विचारलंस. कागदावर तुझ्या तोंडी पाच-सहा वाक्यं होती आणि त्यातलं एकही तुझं नव्हतं. पुढच्या सभेत तू काकांना सगळ्यांसमोर म्हणालीस, "भावजी, तुमी भाईर बसा. चहा धाडते." हे मला शिपायानं हसत हसत सांगितलं होतं. काका त्या दिवशी आपल्याकडं जेवायला आले नाहीत.

तुझं नाव तालुकाभर झालं आणि घर माझ्यावर आलं. हे मी कुणापुढं कधी बोलले नाही. मी बी.ए.ला होते. सकाळी सातपासून ओसरीवर बायका अर्ज घेऊन बसलेल्या, आत मी एकटी चहाची आधणं ठेवत. तू जीपमध्ये बसताना हाक मारायचीस, "आप्पाला वेळेवर जेवाय वाढ गं." मी जेवले का, हे विचारायच्या आत जीप निघालेली असायची. एकदा तू लातूरला बैठकीला गेलेली, आणि एक म्हातारी निराधार योजनेच्या अर्जावर तुझी शिफारस मागायला तिसऱ्यांदा आली होती. मी तुझी सही ठोकली. मला ती हुबेहूब जमायची. तुला कळलं तेव्हा तू मारलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "सही म्हंजे माझं तोंड हाय. ते तू उघडायचं न्हाई." मला वाटलं होतं, म्हातारीचं काम झालं म्हणून तू खूश होशील. त्या रात्री मी जेवले नाही, आणि तुझ्या ते ध्यानातही आलं नाही.

मग ते बोअरचं झालं. शेजारच्या गावात बौद्धवाड्यासाठी बोअर मंजूर झालं होतं. तिथल्या बायका उन्हाळ्यात दीड कोस लांबून पाणी आणायच्या. मशीनची लॉरी गावात आली आणि वाड्याकडं न वळता काकांच्या सासऱ्याच्या मळ्याकडं निघाली. तिथल्याच एका सदस्य बाईनं तुला निरोप पाठवला. ती शेतात मजुरीला जायची, राखीव जागेवरून निवडून आली होती, आणि सभेत तुझ्यामागं पहिला हात तिचा वर व्हायचा. मी तिला मावशी म्हणायची. तू निघालीस तेव्हा मीही जीपमध्ये होते. रस्त्याच्या मधोमध तू लॉरीपुढं उभी राहिलीस. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "बाई, मला मळ्याचा पत्ता दिलाय." तू म्हणालीस, "पत्ता चुकलाय. फिरव." तेवढ्यात काका मोटारसायकलवरून आले.

"वहिनी, घरची इज्जत रस्त्यावर आनायलाव तुमी."

"पानी त्यांच्या नावानं आलंय, भावजी. इज्जतीचं घरी बोलू."

लॉरी फिरली. वाड्यात पाणी लागलं तेव्हा बायकांनी तुझ्या पायावर कळशी ओतली, आणि तुझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं अजून दिसतं मला. मी जीपमध्येच बसून होते. मला अभिमान वाटायला हवा होता. मला वाटत होतं, आता काका आपल्या घरी कधीच येणार नाहीत, आणि माझं लग्न कोण जमवणार?

महिनाभरात काकांनी अविश्वास ठराव आणला. सदस्यांना जीपमधून देवदर्शनाला नेलं, ते ठरावाच्या दिवशीच परत यायचे होते. त्यांना एकच हात कमी पडत होता. मावशीला कुणी गाठू नये म्हणून तू तिला गुपचूप भोकरला तिच्या बहिणीकडं नेऊन सोडलंस, आणि परत आल्यावर स्वयंपाकघरात मला एकटीला सांगितलंस, "बसस्टँडच्या मागं पिठाची गिरणी हाय, तिला लागून घर. आप्पालाबी बोलू नकु. मला काय झालं तर तिला आनायला तू जायचं." तू माझ्यावर टाकलेलं ते पहिलंच मोठं काम होतं.

दोन दिवसांनी काका आले. तू दौऱ्यावर होतीस, आप्पा दुकानात. काका ओसरीवर बसले, मी दिलेलं पाणी प्याले. ओरडले नाहीत, धमकावलं नाही. ओरडले असते तर मी बोलले नसते, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आले. ते म्हणाले, "तुला बघून गेलेले चाकूरचे पाव्हणे काय म्हणायलेत ठाऊक हाय का? पोरगी चांगली हाय, पन माय गावोगाव फिरती, पोरीला वळण कोन लावलं? मी त्यास्नी काय सांगू, तूच सांग." मग ते हळूच म्हणाले, "तुझी माय घरी आली पायजे का न्हाई तुला?"

मी म्हणाले, "भोकरला. बसस्टँडच्या मागं, गिरणीपाशी."

एवढंच. चपला घालताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता.

ठरावाच्या दिवशी मावशी काकांच्या जीपमधून उतरली. तिनं जमिनीकडं बघत हात वर केला, आणि तू पडलीस. तिच्या बहिणीच्या नवऱ्याची रोजंदारीची नोकरी होती, ती जाईल असं सांगून तिला आणलं होतं. हे फार पुढं कळलं. तू त्या दिवशी एस.टी.नं घरी आलीस. पाय धुतलेस, पदर खोचलास आणि मला म्हणालीस, "सरक. मी करते." तू ज्वारीची भाकरी आणि अंबाड्याची भाजी केलीस आणि मला समोर बसवून वाढलंस. किती तरी महिन्यांनी मी तुझ्या हातची गरम भाकरी खात होते. तुझं काय होऊन गेलं होतं ते मला दिसत होतं. तरीही मला बरं वाटत होतं गं. मी तीन भाकरी खाल्ल्या.

चाकूरच्या पाहुण्यांनी नकारच कळवला. तू वर्षभर घरात राहिलीस, आणि तेवढ्यात मला कळून चुकलं की मला हवी होती ती माय ही नाही. तू दुपारी भिंतीला टेकून बसायचीस आणि दारात चप्पल वाजली की मान वर करायचीस. पुढच्या खेपेला पक्षानं तिकीट दिलं नाही. तू अपक्ष उभी राहिलीस, आप्पांनी पहिल्यांदाच दुकान बंद ठेवून तुझा प्रचार केला, आणि तू पडलीस. त्यानंतर निवडणूक नाही. पण नव्या निवडून आलेल्या बायकांना शिकवत तू लातूर, नांदेड, उदगीर पालथं घातलंस. इतिवृत्त वाचल्याशिवाय सही करायची नाही, कोरा कागद हातात घ्यायचा नाही. माझं लग्न होऊन मी नांदेडला आल्यावर असंच एक शिबिर इथं झालं. मी मागच्या रांगेत बसले होते. एका तरुण सरपंच मुलीनं तुला विचारलं, "ताई, तुम्हाला पाडलं कोणी?" "मीच," म्हणालीस. "घरात कुनाला काय लागतंय ते मी कवा इचारलंच न्हाई." तू माझ्याकडं बघितलं नाहीस. तुला ठाऊक होतं का? तुझ्या आजारपणात मी दोन महिने उशाशी होते, रोज विचारीन म्हणायची, आणि रोज औषधाची वेळ व्हायची. आपल्या लिंगायत रीतीनं तुला समाधी दिली, तेव्हा माती टाकतानाही ओठांवर आलं होतं.

गेल्या महिन्यात मावशी भेटली. इथल्या एका दवाखान्यात, डोळ्यांच्या रांगेत. मी ओळखलं नसतं, तिनंच माझ्या आवाजावरून ओळखलं. त्या ठरावानंतर तिच्याच वाड्यातल्या लोकांनी तिला फितूर म्हणून तोडलं. नळावर तिची घागर बाजूला सारायचे. त्याच बोअरवर, अव्वा. शेवटी ती गाव सोडून लेकीकडं आली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "बाईनं मला कवा एक सबुद बोलल्या न्हाईत. घरी येऊन चहा पिऊन गेल्या. पन मला अजून उमगत न्हाई माय, मी भोकरात हाय हे त्यास्नी सांगितलं कोन?"

मी म्हणाले, "काय माहीत, मावशी." मग तिचा नंबर आला. मी तिला धरून आत नेलं, बाहेर आणलं, रिक्षात बसवलं. ती मला आशीर्वाद देत गेली.

आता पंचायत समितीच्या नव्या सभागृहाला तुझं नाव देणार आहेत. काका सत्कार समितीचे अध्यक्ष आहेत. थकलेत, पण फोनवर आवाज तोच. स्मरणिकेसाठी माझा लेख मागितला. "वहिनीसारखी बाई तालुक्यात झाली न्हाई, चांगलं लिही," म्हणाले आणि रडले. खरं रडले असतील. मी दोन पानं लिहिली. किल्लारी आहे, करपलेली भाजी आहे, लॉरी आहे. मावशीची लेक शिकलेली आहे, ती स्मरणिका घरी नेऊन तिला वाचून दाखवील, हे मला माहीत होतं. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. पण ती दोन पानं आज दुपारी पाठवून दिली. त्यात एक ओळ आहे: "ऐनवेळी एका सहकारी भगिनीने साथ सोडली." ती घाल, असं मला कुणीही सांगितलं नव्हतं.