तू पाठवलेली खुर्ची

हळ्ळीखेड (बी)

सुमेध बाळा, तुला आन् सूनबाईला मायचा जय भीम.

परवा फोनवर तू इचारलास, "माय, विहारात खुर्चीवरच बसायलीस ना?" मी व्हय म्हणले. ते खोटं हाय. वंदनेला मी खालीच बसते.

आणखी एक लपवलंय. मागल्या हिवाळ्यात मी न्हाणीत पडले. लागलं न्हाई, पर काही केल्या उठता येईना. शेजारची संध्या येईस्तोवर तासभर वल्ल्या फरशीवर बसून होते. तुला कळलं असतं तर त्याच दिवशी मला तुझ्याकडं बीदरला नेलं असतंस, म्हणून गप राहिले.

मग दवाखान्याच्या आशाताईनं तू पाठवलेलीच खुर्ची पुढं ठेवून मला शिकवलं. खुर्ची धरून आधी गुडघ्यावर यायचं, एक पाय रोवायचा, मग उठायचं. आता रोज वंदना झाली की आम्ही सात म्हाताऱ्या त्या खुर्चीभोवती तेच करायलोत. पार्वतीअक्का अठ्ठ्याहत्तरची हाय, तरी सगळ्यांच्या आधी उभी राहते आन् आम्हाला हसते. मला तर आता खुर्चीबी लागत न्हाई. गुडघे, हात आन् कपाळ भुईला टेकून तीनदा पंचांग प्रणाम करते आन् तशीच उठते.

हे पत्र मी टाकणार न्हाई. वाचून तू घाबरशील. रविवारी हुमनाबादहून येणारी बस धरून मीच येते. लिफ्टपाशी थांबू नको, मी जिन्यानं येईन. तुझ्यापुढं फरशीवर बसेन, न्हाणीतलं सगळं सांगेन आन् मग उठेन.

हात द्यायला मात्र येऊ नको.

तुझीच माय,
गयाबाई