बाबांना घळीतला बर्फ दाखवायचा राहून गेला, त्याची हकीकत

दालनझादगाद,
२० जून

आईच्या माघारी आईच्याच जागी असलेल्या दोल्गोरताईस धाकट्या न्यामजावचा दोन्ही हात तुझ्या कोपरांखाली धरून नमस्कार.

उन्हाळा सुखाचा चालला आहे ना? गुरंढोरं अंगानं भरली आहेत ना? (बाराव्या मजल्यावर तुझ्याकडे एक मांजर आहे, हे मला ठाऊक आहे. पण विचारायची रीत आहे म्हणून विचारलं. शिवाय फोटोवरून ते मांजर शेळीएवढं तरी झालेलं दिसतं.) तुझा रक्तदाब कसा आहे? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. पाऊस अजून नाही, पण येईल. हे मी हवामान केंद्राचा निरीक्षक म्हणून सांगत नाही, तुझा भाऊ म्हणून सांगतो, त्यामुळे खरं ठरायला हरकत नाही.

फोन सोडून पत्र का लिहितोय असं तुला वाटेल. फोनवर बाबांचं नाव काढलं की तुझ्याकडची रेंज जाते. नेमकी तेव्हाच कशी जाते, याचा मी शास्त्रीय अंगानं विचार केला आणि शेवटी कागद घेतला. पत्र मधेच तोडता येत नाही. (फाडता येतं, पण तू कागद फाडणारी नव्हेस. शाळेतल्या वह्यासुद्धा तू अजून जपून ठेवल्या आहेस.)

तर झालं असं. आई गेली त्याला दोन हिवाळे झाले. तू बाबांना राजधानीला न्यायला आलीस, त्यांची पेटी भरलीस, आणि त्यांनी बसस्थानकावर ती उघडून एकेक कपडा परत अंगावर चढवला, तो सगळा प्रकार तुझ्या समोरच झाला, त्यामुळे तो लिहीत नाही. त्यानंतर बाबा जे खिडकीशी बसले ते बसले. दोन वर्षांत त्यांच्या तोंडून तीनच गोष्टी निघायच्या: "चहा", "नको" आणि "दार लाव". जास्तच आग्रह केला तर "आता काय उरलंय". आणि मग मेच्या पाच तारखेला सकाळी, तुझी भावजय सुवदा चहात दूध ओतत असताना, बाबा खिडकीतून पश्चिमेचे डोंगर बघत म्हणाले, "योलच्या घळीत बर्फ असेल अजून."

सुवदाच्या हातातली पळी तशीच राहिली. (चहा उतू गेला. शेगडी अजून खरवडतोय.) आमची लेक सारनाई आपल्या खोलीतून कानातली वायर काढून बाहेर आली. मी विचारलं, "बाबा, बघायचा आहे का?" ते म्हणाले, "बघायला काय, बर्फच आहे." आता ज्याला बाबा ठाऊक नाहीत त्याला हा नकार वाटेल. तुला आणि मला माहीत आहे की यापेक्षा स्पष्ट होकार त्यांनी लग्नातसुद्धा दिला नसेल.

घळ इथून पंचेचाळीस किलोमीटर. गाडीनं तासाभराची वाट. सकाळी जायचं, संध्याकाळी परत यायचं. या एका दिवसाच्या सहलीचं नियोजन आम्ही एकोणीस दिवस करत होतो. सारनाईनं वेळापत्रक केलं. (सतरा वर्षांची झाली तुझी भाची. तिच्या परीक्षेचं वेळापत्रक मात्र आम्हालाच करावं लागतं.) त्यात "७.०० निघणे, ७.०५ बाबा काहीतरी विसरले म्हणून परत येणे, ७.१५ पुन्हा निघणे" इतका बारीक विचार होता. सुवदानं पाच माणसांसाठी नव्वद खुशूर, त्या तिच्या मटणाच्या करंज्या, तळायचे ठरवले. मी म्हटलं, माणशी अठरा होतात. ती म्हणाली, वाटेत कोणी भेटलं तर रिकाम्या हातानं बोलायचं का. मी म्हटलं, अगं, वाळवंट आहे. ती म्हणाली, मग त्या वाळवंटात ज्याला भूक लागली असेल त्याला किती लागली असेल.

गाडी सुवदाच्या भावाची, पालमची. पालमला तू ओळखतेसच. मन मोठं आणि अंतराचा अंदाज शून्य. तो म्हणाला, राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून आत शिरतोच आहोत, तर खोंगोरच्या वाळूच्या टेकड्याही करून टाकू, थोडंसंच पुढे आहे. ते थोडंसं म्हणजे दीडशे किलोमीटर. रस्ता नाही, नुसती चाकोरी. यावर घरात दोन दिवस वाद चालला. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "वाळू माझ्या कानात आहे तेवढी पुरे." वाद मिटला. ताई, चार दिवसांत दुसरं वाक्य, हे ध्यानात घे.

दिवस ठरवायला सुवदा लामांकडे गेली. त्यांनी पंचांग बघून सांगितलं, मंगळवारी पश्चिमेला जाऊ नका, शुक्रवारी बेलाशक जा. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी केंद्रात जाऊन दाब पाहिला, आर्द्रता पाहिली, नकाशे पाहिले आणि जाहीर केलं: शुक्रवारी आकाश निरभ्र, वारा मंद. सुवदा म्हणाली, शेजारचा कुत्रा नाकावर शेपूट घेऊन झोपलाय, वावटळ येणार. मी म्हटलं, मी सव्वीस वर्षं हे काम करतोय, कुत्र्याचा अनुभव फार तर पाच वर्षांचा.

शुक्रवारी सातला निघायचे ते आम्ही अकरा वाजून दहा मिनिटांनी निघालो. बाबांनी निळा किनखापी अंगरखा घातला होता, चांदीच्या गुंड्यांचा. सुवदानं शकुनाचं म्हणून गाडीमागे पळीभर दूध हवेत उडवलं आणि ते वाऱ्यानं उलट येऊन बाबांच्या छातीवर सांडलं. मी वाऱ्याची नोंद तेव्हाच घ्यायला हवी होती. पंधरा किलोमीटर गेलो नाही तोच समोर जमिनीपासून आभाळापर्यंत पिवळी भिंत उभी राहिली. पालमनं गाडी आडवी लावली, आम्ही काचा वर केल्या आणि तीन तास आत बसलो. पाच माणसं, नव्वद खुशूर. बाहेर धूळ, आत मटणाचा वास. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, हेच जास्त लागत होतं. सारनाईनं वेळापत्रकात "वावटळ" असं लिहून समोर वेळ टाकली.

पण याच तीन तासांत जे घडलं त्यासाठी मी हे पत्र लिहितोय. बाबांनी अकरा खुशूर खाल्ले. (घरी दोन म्हणजे डोक्यावरून पाणी.) तोंड पुसलं आणि म्हणाले, "दोल्गोर असती तर तिनं आज निघूच दिलं नसतं. तिला हवेतलं कळतं." दोन वर्षांत तुझं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. तेही माझा अपमान करण्यासाठी घेतलं, पण ताई, असला अपमान मी रोज सोसायला तयार आहे.

आम्ही परत आलो. पुढचे आठ दिवस मला बाजारात तोंड दाखवायची सोय नव्हती. वाण्यानं विचारलं, निरीक्षकसाहेब, आज कपडे वाळत घालू का, की तुम्ही सहलीला जाताय? आमच्या केंद्रप्रमुखांनी फक्त खिडकीतून रस्त्यावरच्या कुत्र्याकडे पाहिलं.

दुसरी खेप जूनच्या नऊ तारखेला. या वेळी मी आभाळाकडे बघायचं नाही असं घरानं एकमतानं ठरवलं. साडेदहाला निघालो, पावणेबाराला फाटकात. वाटेतल्या दगडांच्या राशीभोवती तीन फेऱ्या मारल्या. बाबांनी काठी टेकत तिन्ही पुऱ्या केल्या आणि वर दगडही ठेवला. मी म्हटलं, जमलं. आणि मग गाड्या थांबतात त्या जागी आलो. तिथून बर्फापर्यंत ओढ्याकाठानं पायवाट, तीनेक किलोमीटर. बाबांचे गुडघे घरातल्या घरात कुरकुरतात. तिथे खांडसुरेन म्हणून एक धिप्पाड बाई घोडे घेऊन उभी असते. तिनं बाबांकडे पाहिलं आणि एक तपकिरी घोडा पुढे आणला.

मी म्हटलं, "नाही. एक्याऐंशी वर्षांचा माणूस आहे."

खांडसुरेन म्हणाली, "घोडा सात वर्षांचा आहे. सरासरी काढा, चव्वेचाळीस होतात."

"त्यांचे गुडघे गेलेत."

"चालायचं घोड्यानं आहे," ती म्हणाली.

मी ऐकलं नाही. चारचौघांसमोर जरा जास्तच मोठ्यानं नाही म्हणालो. बाबांनी घोड्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बुटका आहे. यावर बसलो तर माझे पाय ओढ्यात लोळतील." मग ते तिच्या गेरच्या, म्हणजे लोकरी तंबूच्या, दारापाशी जाऊन स्टुलावर बसले, पाठ आमच्याकडे करून. घोडा बुटका नव्हता, ताई. मला चारचौघांत खाली बघावं लागू नये म्हणून तो नकार त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला, आणि ते मला तिथेच कळलं. आईच्या आजारपणात मी असाच सगळ्याला नाही म्हणत होतो. बाहेर नको, वारा नको, पाहुणे नकोत. तू म्हणायचीस, अरे, तिला जरा दारात तरी बसू दे.

मग आपली चूक भरून काढावी म्हणून मी पालमची युक्ती मान्य केली. युक्ती अशी की घडीच्या खुर्चीत बसवून बाबांना दोघांनी उचलून न्यायचं. आधी चाचणी म्हणून मला बसवलं. पुढे पालम, मागे तिथेच भेटलेला एक ओळखीचा दुकानदार. ओढा ओलांडताना खुर्ची आपल्या नावाला जागली, म्हणजे तिची घडी झाली, आणि मी तिच्या आत. पाणी बर्फाचंच होतं. त्या अर्थानं आमच्यातल्या एकानं तरी बर्फ पाहिला असं म्हणता येईल. त्यात भर म्हणून गाडीचं मागचं चाक बसलेलं निघालं आणि पालमचा पंप घरी. मी ओल्या पाटलोणीत, तो शिव्या देत, असे आम्ही दुसऱ्याच्या जीपमधून चाक घेऊन फाटकापर्यंत गेलो. सुवदा आणि सारनाई टेकडीवर रानकांदा खुडायला गेल्या. बाबा म्हणाले, मी गेरमध्ये जरा पडतो. आम्ही अडीच तासांनी परतलो तेव्हा ते त्याच स्टुलावर बसून खांडसुरेनच्या हातचा चहा पीत होते.

तोवर चार वाजून गेले होते, दुसऱ्या दिवशी सारनाईचा पेपर होता, पालमला सवारी होती. बाबाच उठले, काठी घेतली आणि म्हणाले, "राहू दे. पुढच्या वेळी." पुढच्या वेळी. हे शब्द त्यांच्या तोंडून शेवटचे कधी ऐकले होते ते मला आठवेना. येताना मी गाडीत मागच्या बाजूला तोंड करून बसलो होतो. धूळ गेली होती डोळ्यांत. (वारा नव्हता, हे खरं आहे.)

तेव्हापासून घरात नवीनच हवा आहे. बाबा रोज सकाळी दुकानापर्यंत चालत जातात. गुडघ्यांना उंटाच्या लोकरीचे पट्टे सुवदाकडून विणून घेतले. तारीख रोज विचारतात. परवा मी केंद्रातून आलो तर अंगणात जुनं खोगीर उलटं घालून त्याला चरबी चोळत बसले होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो. ते वर न बघता म्हणाले, "उंच घोडा बघायला सांग तिला." मी सांगितलं, सांगतो. या वेळी मी नाही म्हणणार नाही. लगाम धरून शेजारून चालेन, ते सुद्धा त्यांनी धरू दिला तर.

नादामचा उत्सव संपला की बर्फ पातळ होतो, म्हणून सहा जुलै ठरली आहे. बाकी सगळं क्षेम. तुझ्या तब्येतीला जप, जिने चढू नकोस, मांजराला माझा आशीर्वाद सांग.

तुझा धाकटा,
न्यामजाव

ता. क. पालमच्या गाडीत सहा माणसं बसतात. आम्ही पाच. नऊ तारखेला निघताना सहाव्या जागेवर सुवदा खुशूरचा डबा ठेवायला गेली तर बाबांनी तो उचलून मांडीवर घेतला आणि म्हणाले, "तिथे नको." कुणासाठी ठेवलीय ते सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पाच जुलैची रात्रीची बस सकाळी इथे पोचते. मी स्थानकावर असेन. तू आली नाहीस तरी असेन, मला सवय आहे तिथे उभं राहायची. पण ये.

ता. क. दुसरा. बाबांनी मला हे लिहायला सांगितलेलं नाही. ते म्हणाले फक्त, पत्र लिहितोयस तर पाकीट माझ्याकडे दे, बसच्या ड्रायव्हरला मी नेऊन देतो, तेवढंच चालणं होईल. म्हणून त्यांच्या हाती देतोय.

दोल्गोर, हे मी लिहितोय, तुझा बाप. चष्मा सापडला नाही, ओळ वाकडी जाईल. न्यामजाव कामावर गेला आहे. पाकीट उघडंच होतं.

बर्फ मी पाहिला. हे लोक चाकात हवा भरायला गेले तेव्हा खांडसुरेननं घोडा स्टुलाशी लावला आणि मी बसलो. घोडा चांगला होता, उगाच नाव ठेवलं. घळीत जाऊन हात लावून आलो. पूर्वीइतका नाही, पण आहे. तुझ्या आईचं नाव घेतलं. कोणाला सांगू नकोस असं मी त्या बाईला बजावलं आहे. या लोकांना कळलं तर ते म्हणतील झालं काम, आणि सहल रद्द होईल, मग तू कशाला येशील? तेव्हा तिथे गेल्यावर मी पहिल्यांदाच बघतोय असा चेहरा करणार आहे. तू हसू नकोस. न्यामजावला लगाम धरू देईन, त्याला बरं वाटेल.

त्या दिवशी बसस्थानकावर मी सगळ्या लोकांसमोर पेटी उघडली, ते चुकलंच. शहराचं म्हणशील तर या हिवाळ्यात एक महिना येऊन बघीन. एकच महिना. आधी तू ये.