बघणारी

३ मार्च

आले बाई एकदाची! नोकरी कसली, लॉटरीच लागली. सर दहशतीच्या इतिहासावर जाडजूड ग्रंथ लिहितायत. ते सांगणार, मी टाइप करणार. राहायला वरची खोली, खिडकीत सकाळचं ऊन, आणि खाली स्वयंपाकघरात माझी सख्खी ताई. वर्षभर ती इथं स्वयंपाकाला आहे, तिनंच माझं नाव सुचवलं. वाळलीये मात्र. मी म्हटलं, दुसऱ्यांना खाऊ घालतेस आणि स्वतः काय हवा खातेस? हसली नाही. जेवताना मात्र माझ्या ताटात सारखं वाढत राहिली.

६ मार्च

सर बोलायला लागले की ऐकत राहावं. म्हणाले, पूर्वीचे राजे भर चौकात मुंडकी उडवायचे ते मरणाऱ्यासाठी नव्हे, बघणाऱ्यांसाठी. घाव एकाला, धाक हजारांना. पुढे शिक्षा भिंतीआड गेली तरी लोक घाबरतच राहिले, कारण तोवर चौक प्रत्येकाच्या डोक्यात वसला होता. मी म्हटलं, सर, अंगावर काटा आला! त्यांनी लगेच विचारलं, कुठे? आधी मानेवर की दंडावर? विद्वान माणसं, जरा चक्रम असायचीच.

९ मार्च

जेवताना सर उठले आणि ताईच्या थोबाडीत मारली. रागानं नाही. माशी मारावी तशी. तिचा ओठ फुटला. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुला नेमकं काय झालं? त्यांची पद्धतच ही म्हणे: बघणाऱ्याकडून कळल्याशिवाय भीतीबद्दल एक ओळ लिहायची नाही. आणि मी मूर्खासारखं सगळं सांगितलं. टाइपही केलं, शुद्धलेखनासकट! कामात खोट काढलेली मला खपत नाही ना. सर म्हणाले, उत्तम.

नंतर ताईनं माझे पाय धरले. म्हणाली, बघायला कुणी आणलं नाहीस तर तुझा उपयोग संपला, असं ते म्हणाले होते. मी चिडले, रडले, मग तिला जवळ घेतलं. हिला इथून बाहेर काढायचं, बस्स.

१२ मार्च

फाटकाला कुलूप, किल्ली सरांच्या खिशात. माझा फोनही त्यांच्याकडेच. आज मी अक्कल चालवली. त्यांनी ताईचं बोट दारात चिरडलं, तेव्हा लिहिलं: काहीच वाटलं नाही. म्हटलं, कंटाळून सोडतील. सर हळहळले. म्हणाले, मग कमी पडलं. आणि दुसरं बोट —

माझ्यामुळे. माझ्या दीडशहाणपणामुळे.

१४ मार्च

आता भरभरून लिहिते. तरी पुरत नाही. आज उकळतं पाणी होतं. ताई ओरडत नाही हल्ली. सरांच्या हातांकडे टक लावून बघते, शिकत असल्यासारखी.

१५ मार्च, सकाळ

ताईनं बत्ता उचलला. सर खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. पहिल्या घावात कपाळ, दुसऱ्यात — रक्त कागदांवर, भिंतीवर, माझ्या तोंडात. सुटलो गं ताई, सुटलो! मी ओरडले. ती थांबेना. चेहरा उरला नाही तरी थांबेना. मग वाकून खिशातली किल्ली काढली. मी फाटकाकडे धावले.

ती आलीच नाही. परत येऊन बघते तर किल्ली कमरेला खोचून हात धूत होती. म्हणाली, वर्षभरात आज पहिल्यांदा भीती वाटत नाहीये. हे आता सोडायचं नाही.

दुपार

दूधवाला आला. ताईनं फाटक उघडून त्याला आत घेतलं, पुन्हा कुलूप लावलं, पाणी दिलं. मला म्हणाली, इथं उभी राहा. त्यानं पेला तोंडाला लावला आणि तिनं मागून बत्ता — अजून हात हलत होता त्याचा — अजून —

मारताना ती त्याच्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळ

दाराला टेबल लावलंय. खिडकीला गज. ताई जिन्यात आहे. चिमे, चिमे अशी मला हाक मारतेय, अगदी लाडानं. घाबरतेस होय गं मला, असं विचारतेय. नाही म्हणाले तर कमी पडलं म्हणेल. हो म्हणाले तर —

माझी ताई आहे ती. माझी —

दाराची फळी फुटली. हात आत आलाय. मी हो म्हणते, ताई, हो, खूप —