नऊ फुटांवरून

दिवेआगर,
१२ जानेवारी २०२६

चि. सौ. मैथिलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन येऊन गेला. तू काय बोललीस ते तुझ्या आईने मला खुणा करून सांगितलं. त्यातलं निम्मं मला कळलं, उरलेलं निम्मं तिने वैतागून सोडून दिलं. कानातलं यंत्र आता नुसती शिट्टी मारतं, डॉक्टरही म्हणाले की काढून ठेवा. तेव्हा यापुढे माझ्याशी बोलायचं तर कागदावर. गावचं पोस्ट सव्वीस वर्षं सांभाळलेल्या माणसाला त्यात अडचण नाही, तुझ्या अक्षराची मात्र आहे.

आता मुद्द्याचं. वादळानंतर लावलेल्या पोफळींनी यंदा पहिल्यांदा हात दिला. बोर्लीच्या धर्माजींनी सुपारी उचलली. त्यातले तेहतीस हजार मी वेगळे ठेवलेत आणि त्यांत मोठा, भिंतीला लागणारा टीव्ही घ्यायचा ठरवलंय. आवाजाशी माझा संबंध संपला, पण बातम्यांच्या खाली अक्षरांची पट्टी धावते ती मला खाटेवर बसून वाचता यायला हवी. खाट ते भिंत नऊ फूट आहे, सुतळीने मोजलंय. तुझी आई म्हणते, एवढा टीव्ही आला की घर त्याच्या मागे शोधावं लागेल.

शनिवारी, २४ तारखेला उरणला येतो. सुतळी बरोबर आणीन. दुकानदाराच्या तोंडच्या इंचांवर माझा भरवसा नाही.

अजेयरावांना नमस्कार. आहे तो लोभ वाढता ठेव.

तुझा,
दादा


उरण,
१८ जानेवारी २०२६

ती. दादांस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. माझ्या अक्षरावर टीका करणाऱ्याने आधी स्वतःचा ‘ळ’ बघावा.

अजेय आणि मी काल बाजारपेठेतल्या मोठ्या दुकानात जाऊन आलो. गणराज नावाचा विक्रेता आहे, समजूतदार वाटला. त्रेचाळीस इंची चांगल्या कंपनीचा सत्तावीसपर्यंत येतो. पन्नास इंची बत्तीसच्या आसपास. पंचावन्न इंची नावाजलेला घ्यायचा तर अडतीस हजार, म्हणजे तो आपला नव्हे. एका कधी न ऐकलेल्या कंपनीचा पंचावन्न इंची एकोणतीसला आहे, पण तो बिघडला तर श्रीवर्धनला त्याचा माणूस नाही, आणि खाऱ्या हवेत बिघडणार हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय तुमच्या खाटेमागच्या खिडकीचा उजेड थेट भिंतीवर येतो, तेव्हा फार चकाकणारा पडदा नको असं गणराज म्हणाला. माझं मत पन्नास इंचीला.

धर्माजींचा टेंपो वाशीला माल टाकून रिकामा परततो, तो इथून खोका घेऊन जाईल. तुम्ही या. दोन दिवस राहायच्या तयारीने या. वाल आणले आहेत, बिरडं करीन.

आईला नमस्कार. माया आहेच, ती अशीच असू द्या.

तुमची,
मैथिली


दिवेआगर,
२८ जानेवारी २०२६

चि. सौ. मैथिलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. माणगावला गाडी लगेच मिळाली. बिरडं छान झालं होतं.

टीव्हीचं आता राहू दे. विचार केला, माझ्या वयाला वर्तमानपत्र पुरेसं आहे. त्या पैशांतून विहिरीचा पंप दुरुस्त करून घेईन. तू धावपळ करू नकोस.

अजेयरावांना नमस्कार. कळावे.

दादा


उरण,
२ फेब्रुवारी २०२६

ती. दादांस,
कृ. सा. न. वि. वि.

असं कसं राहू दे म्हणता? पंप गेल्याच वर्षी दुरुस्त झालाय, मला माहीत आहे. तुम्ही शनिवारी दुकानातून बाहेर आलात तेव्हापासून गप्प होतात, आणि दोन दिवस राहणारे रविवारी पहिल्या गाडीने निघून गेलात. त्या दिवशी दुकानात गर्दी फार होती, त्याने तुम्हाला कंटाळा आला असणार. मी मधेच तुमच्यासाठी पाण्याची बाटली आणायला गेले, तेवढ्यात तुम्ही एकटे पडलात, त्याचं मला वाईट वाटतं.

गणराजचा फोन आला होता. पन्नास इंचीवर हजार रुपये कमी करतो आणि भिंतीचा स्टँड फुकट देतो म्हणाला. मी परस्पर घेऊन पाठवू का? तुम्हाला यायचीही गरज नाही.

उत्तर लवकर द्या. राग नसावा, लोभ असावा.

तुमची,
मैथिली


दिवेआगर,
८ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. मैथिलीस,
आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, शाळा सोडल्यापासून हे दुसरं की तिसरं. पण फोनवर हे बोलता येईना, हे समोर असतात आणि ऐकू आलं नाही तरी माझ्या तोंडाकडे बघत बसतात.

उरणहून आल्यापासून यांनी बोलणं सोडलंय. अगदी सोडलंय असं नाही, पण पुटपुटतात. परवा मला दोनदा काय काय म्हणून विचारावं लागलं, तर हाताने राहू दे केलं आणि स्वतः उठून चहा केला. वाडीत भागुबाई कामाला आली की तिला रोज अंगणात बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे, ते बंद. ती विचारते, दादांना बरं न्हाय काय. देवळात कमिटीची बैठक होती, तिथे गेले आणि एक शब्द न बोलता परत आले. अगं, ज्या माणसाचा आवाज समुद्रापर्यंत जायचा तो माणूस स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा वावरतो. बोलायच्या आधी तोंडावर हात ठेवतात. ते मला बघवत नाही.

तिथे काय झालं? कोणी काही बोललं का? तुला माहीत असेल तर यांना लिही, मला नाही सांगितलंस तरी चालेल.

जिवाला जप.

तुझी,
आई


उरण,
१३ फेब्रुवारी २०२६

ती. दादांस,
कृ. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मी पाण्याची बाटली आणायला गेले नव्हते.

तुम्ही सुतळीचं एक टोक माझ्या हातात देऊन ते टीव्हीला लावायला सांगितलंत आणि दुसरं टोक घेऊन मागे मागे जात पावलं मोजू लागलात. वॉशिंग मशीनला धडकलात. गणराजला अक्षरं दाखवा, अक्षरं दाखवा म्हणून सांगत होतात. लोक वळून बघत होते, दोघंतिघं हसत होते. तोवर मी धरून होते, हे खरं आहे. मग दारातून आमच्या ऑफिसचे परेश सर त्यांच्या मिसेसबरोबर आत आले. मी सुतळी सोडली आणि फ्रिजच्या रांगेमागे गेले.

तुम्ही मला हाक मारलीत, मैथिले, धर गो, म्हणून. सगळ्या दुकानाला ऐकू गेली. मी आले नाही. ते टोक गणराजने उचललं. परेश सरांनी मला बघितलं, जवळ आले, आणि ते गृहस्थ तुमच्याबरोबर आहेत का असं विचारलं. मी म्हटलं की नाही, गावाकडचे ओळखीचे आहेत.

त्याचं कारण सांगते. ते ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही. ऑफिसात मी दोन वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय की माझे वडील पोस्टातले मोठे अधिकारी होते, मुंबईत होते. तिथे सगळ्यांचे वडील कोणी ना कोणी आहेत. एकदा सहज बोलून गेले आणि मग ते तसंच राहिलं. त्या दिवशी लेंगा घातलेले, कापडी पिशवी खांद्याला लावून सुतळीने टीव्ही मोजणारे तुम्ही त्यांना दाखवायचे कसे, एवढंच माझ्या डोक्यात आलं. तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणजे तुम्हाला कळणार नाही, हेही आलं. ते सगळ्यात वाईट.

ज्या पोस्टाच्या पगारावर मी पनवेलच्या कॉलेजात शिकले, त्याचीच मला लाज वाटली. आता दुसऱ्या कशाची लाज वाटायला जागा उरलेली नाही. माफ करा असं लिहायचाही धीर होत नाही. एवढंच विचारते की तुम्ही पुन्हा याल का, त्याच दुकानात, माझ्याबरोबर.

तुमची,
मैथिली


दिवेआगर,
१९ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. मैथिलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. त्यातलं बहुतेक मला ठाऊक होतं.

भिंतीवरच्या टीव्हींमध्ये मधला सगळ्यात मोठा होता, पासष्ट इंची, त्यावर त्यांनी दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्र लावलं होतं. मी नऊ फुटांवर त्याच्याच समोर उभा होतो. तू सुतळी सोडून फ्रिजमागे गेलीस ते दिसलं. एक गृहस्थ तुझ्याशी बोलले, त्यांनी माझ्याकडे बोट केलं, आणि तू हात हलवलास. दारावर आलेल्या विक्रेत्याला आपण नको म्हणताना हलवतो, तसा. शब्द काय होते ते आज तुझ्या पत्रातून कळले. चित्र मात्र फार स्वच्छ होतं. एवढ्या स्वच्छ चित्राचा टीव्ही मग घ्यावासा वाटला नाही.

दुखलं, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण मी गप्प झालो ते तुझ्यामुळे नव्हे, ते तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. त्याच पडद्यावर मला एक म्हातारा दिसला. तोंड वासून ओरडत होता, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, बाजूला लोक हसत होते. क्षणभर मला वाटलं, कोण हा, याच्या घरच्यांनी याला एकटं का सोडलंय. मग त्याच्या हातात सुतळी दिसली. मैथिली, त्याची मलाही लाज वाटली. मग तुला वाटली यात तुला काय बोलू? मला माझा आवाज ऐकू येत नाही. तो किती मोठा होतो हे इतके दिवस कोणी सांगितलं नाही, ते त्या टीव्हीने सांगितलं.

वडील अधिकारी होते असं सांगितलंस, ते मात्र मला लागलं. त्या पोस्टात मी कोणाचं एक पत्र हरवू दिलं नाही. पण ते तुझं तू बघ.

२८ तारखेला येतो. दुकानात मी बोलणार नाही, जे विचारायचं ते लिहून आणीन. तुला अवघड होऊ नये.

अजेयरावांना नमस्कार. माया पूर्वीइतकीच आहे.

तुझा,
दादा


उरण,
१ मार्च २०२६

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दादांच्याच हाती देते आहे. चिकटवून देईन, म्हणजे ते वाचणार नाहीत. पोस्टाचा माणूस.

तिथे काय झालं होतं असं तू विचारलंस. मी दुकानात लोकांसमोर दादांना ओळख दिली नाही. ऑफिसातल्या परेश सरांना, हे गावाकडचे ओळखीचे आहेत, असं सांगितलं. तू ते माझ्याकडूनच ऐकायला हवंस.

दादांना पत्र टाकल्यावर सोमवारी मी परेश सरांकडे गेले आणि दुकानातले ते गृहस्थ माझे वडील होते, गावचे पोस्टमास्तर होते, असं सांगितलं. ते म्हणाले की त्यांना तेव्हाच कळलं होतं. दादांनी मला नावाने हाक मारली होती, ती त्या दोघांनीही ऐकली होती. घरी जाताना त्यांच्या मिसेस म्हणाल्या होत्या की या बापलेकीत काय बिनसलंय कोण जाणे. म्हणजे माझं खोटं कोणालाच पटलं नव्हतं, आई. ते मी फुकट बोलले.

काल दुकानात गेलो. दादा इस्त्रीची पँट घालून आले होते, पिशवी घरीच ठेवलेली. गणराजने ओळखलं, नमस्कार केला. दादांनी खिशातून कागद काढून त्याच्यापुढे धरला. पोस्टाच्या सुबक अक्षरात ओळीने प्रश्न लिहिले होते. पट्टीची अक्षरं मोठी करता येतात का, विजेचा दाब कमीजास्त झाला तर काय, माणूस दुरुस्तीला कुठून येतो. गणराज मनातल्या मनात वाचायला लागला. मला ते सहन होईना. मी कागद त्याच्या हातातून घेतला आणि एकेक प्रश्न मोठ्याने विचारला, दादांच्या आवाजात म्हण ना. शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. मी त्यांनाही सांगितलं की हे माझे वडील आहेत, त्यांना ऐकू येत नाही, म्हणून मी ओरडते आहे. दादा माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांना किती कळलं ते मला माहीत नाही.

कागदावरची शेवटची ओळ मी वाचली नाही. तिथे लिहिलं होतं, माझा आवाज मोठा झाल्यास कृपया खूण करावी.

पन्नास इंचीच घेतला, एकतीस हजारांना. नऊ फुटांवरून त्यांनी पट्टी वाचून दाखवली. पण इतकी हळू की मला जवळ जावं लागलं. आज गाडीवर सोडायला आले आहे, उरलेलं इथेच उभ्या उभ्या लिहिते. आत्ता तिकीट काढताना कंडक्टरने त्यांना कुठे जायचं ते तीनदा विचारलं.

हे मी केलंय. ते मला एकटीला दुरुस्त करता येणार नाही, म्हणून तुला सांगते. त्यांना म्हणावं, तुम्ही बोला.

तुझी,
मैथिली


दिवेआगर,
८ मार्च २०२६

चि. सौ. मैथिलीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्यावर रागावले होते. तुला फोन केला नाही तो त्यामुळे. आता तेवढी नाही, पण थोडी आहे, ती आहे असं समजून चाल.

शिमग्यात धर्माजींचा टेंपो अडकला, टीव्ही शुक्रवारी आला. लावायला श्रीवर्धनहून माणूस आला होता. हे खाटेवर बसून नुसते बघत होते. मी यांना पाटीवर खडूने लिहून दाखवलं की तुम्ही मला ऐकू येत नाही, आणि या घरात एक बहिरं पुरे. त्यावर हसले, पण बोलले नाहीत.

त्या माणसाने भिंतीला भोकं पाडली, स्टँड ठोकला आणि टीव्ही चढवला तो डावीकडे उतरता. मला दिसलं, पण मी मुद्दाम काही म्हटलं नाही. तो पैसे मागून निघायला लागला. हे एकदा भिंतीकडे बघत, एकदा माझ्याकडे. मी केरसुणी घेऊन भुसा झाडायला लागले. शेवटी यांना राहवेना. असे ओरडले, वाकडा आहे, अरे वाकडा आहे तो, डोळे आहेत का, की त्या बिचाऱ्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. मग अर्धा तास उभे राहून, एकेक सूत वर घे, खाली घे, करत त्याच्याकडून सरळ करून घेतला. मधे एकदा हात तोंडाकडे गेला होता, पण तेवढ्यात तो माणूस पुन्हा चुकला.

भागुबाई वाडीतून धावत आली. दादांना काय जालं म्हणून विचारायला लागली. मी तिला म्हटलं, काही झालं नाही, हे असंच बोलतात.

पुढच्या महिन्यात येऊन जा. जिवाला जप.

तुझी,
आई